चाकं सतरा इंची, रस्ता मालवणचा!

अलॉय व्हील्स बदलली की गाडीचा लुक बदलतो, मान्य. पण त्यासोबत टायरचं माप, सस्पेन्शन, ब्रेक आणि गणपतीला गावी सुखरूप पोचण्याचं गणितही बदलतं. सिंधुदुर्गात गाडी नेणाऱ्यांनी चाकं निवडताना नेमकं काय बघायचं?

पहिली नोकरी, पहिलं कार लोन, पहिली गाडी आणि सहा महिन्यांत पहिला असंतोष! कारण सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारी तीच गाडी उभी असते, त्याच रंगाची, पण तिची चाकं कसली सॉलिड दिसतात! आपल्या चाकांवर मात्र कंपनीची ती प्लॅस्टिकची थाळी. मग बोनस हातात येतो, ऑफिसमधला एक 'कार एक्स्पर्ट' मित्र दुकान सुचवतो आणि एका शनिवारी दुपारी पंधरा इंची चाकांच्या जागी सतरा इंची अलॉय येऊन बसतात. फोटो काढून होतात, लाइक्स येतात, सगळं कसं मस्त असतं.

मग येते गणेश चतुर्थी. रेल्वेचं कन्फर्म तिकीट मिळालेलं नसतं. पुढे आपण आणि बाबा, मागे आई, आजी आणि धाकटी बहीण. डिकीत मखराचं सामान, बॅगा, मिठाईचे बॉक्स. मुंबईहून मालवण म्हणजे पाचशे किलोमीटरच्या आसपासचा पल्ला, तोही भर पावसात. पार्किंगमध्ये झकास दिसणाऱ्या त्या चाकांची खरी परीक्षा इथे असते.

चाकं बदलूच नका, असं सांगायला हा लेख नाही. हौसेला मोल नसतं. पण चाक बदलणं म्हणजे बूट बदलणं नव्हे. चाक, टायर, स्प्रिंग आणि शॉकअप ही एकाच टीमची माणसं आहेत. एकाला बदललं की बाकीच्यांच्या कामात फरक पडतो. त्यामुळे दुकानात जाण्याआधी थोडा फंडा क्लिअर करून घेऊया.

टायरची जन्मपत्रिका

गाडीच्या टायरवर कडेला लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ १८५/६५ आर १५ ८८ एच. फोन नंबरसारखं दिसणारं हे प्रकरण वाचायला एकदम सोपं आहे. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या कडेची, अर्थात साइडवॉलची उंची. ही मिलिमीटरमध्ये नसते, रुंदीच्या टक्क्यांत असते. आर म्हणजे रेडियल बांधणी. १५ म्हणजे ज्या रिमवर टायर बसतो तिचा व्यास, इंचांमध्ये. ८८ हा भाराचा कोड. याचा अर्थ एका टायरला कमाल ५६० किलो पेलतात. शेवटचा एच हा वेगाचा कोड, म्हणजे कमाल २१० किलोमीटर प्रतितास.

आता गणित. शाळेत भूमिती ऑप्शनला टाकली असेल तरी जमेल. १८५चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिमी. ही एका बाजूची साइडवॉल. ती वर आणि खाली अशी दोनदा येते, म्हणजे २४०.५ मिमी. मधे १५ इंची रिम. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, म्हणून ३८१ मिमी. बेरीज ६२१.५ मिमी. हा झाला जमिनीपासून वरपर्यंत आख्ख्या चाकाचा व्यास.

चाक बदलताना पहिला नियम हाच, की रिम मोठी होऊ दे, पण हा एकूण व्यास बदलू द्यायचा नाही. रिम वाढली तेवढी साइडवॉल कमी करायची. फरक पडलाच तर तो तीन टक्क्यांच्या आत ठेवायचा, असा जगभरचा ठोकताळा आहे. मात्र तीन टक्के ही शेवटची हद्द झाली. टार्गेट शून्याच्या जवळचंच हवं.

व्यास वाढला तर काय बिघडतं? समजा दुकानदाराने स्वस्तात मिळतोय म्हणून २०५/६० आर १६ बसवला. त्याचा व्यास ६५२.४ मिमी, म्हणजे मूळच्यापेक्षा जवळपास पाच टक्के जास्त. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, त्याला टायर बदललाय हे कोण सांगणार? तो आधीपेक्षा पाच टक्के कमी दाखवू लागतो. पिकअप मंदावतो, घाट चढताना आधी चालणारा गिअर आता कमी पडतो, उतारावर ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो. ग्राउंड क्लिअरन्स वाढेल म्हणून खूश होणाऱ्यांसाठी एक बातमी: व्यास ३१ मिमीने वाढला तरी क्लिअरन्स वाढतो त्याच्या निम्मा, म्हणजे १५ मिमी. आणि तेवढीच जागा चाकावरच्या कमानीतून कमी होते.

कंपनीने केलेला होमवर्क

गंमत म्हणजे हे गणित बहुतेकदा कंपनीनेच सोडवून ठेवलेलं असतं. फक्त आपण कॉपी करायची. मारुतीची स्विफ्ट घ्या. खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर १४ टायर येतात आणि वरच्या, अलॉयवाल्या व्हेरिएंटला १८५/६५ आर १५. एकाचा व्यास ६१९.६ मिमी, दुसऱ्याचा ६२१.५. रिम एका इंचाने वाढली, टायर २० मिमीने रुंद झाला आणि एकूण फरक दोन मिलिमीटरसुद्धा नाही! बलेनोचंही तसंच. एका व्हेरिएंटला १८५/६५ आर १५, तर वरच्याला १९५/५५ आर १६. व्यास अनुक्रमे ६२१.५ आणि ६२०.९ मिमी.

यालाच 'प्लस वन' म्हणतात. रिम एक इंच मोठी, एकूण व्यास तोच. आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटचं माप हा चाकं अपग्रेड करण्याचा सगळ्यात सेफ मार्ग. कारण तीच बॉडी, तसंच सस्पेन्शन वापरून कंपनीने त्या मापावर टेस्टिंग केलेलं असतं. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर किंवा ओनर्स मॅन्युअलमध्ये ही मापं आणि हवेचे आकडे दिलेले असतात. पण हे मॅन्युअल ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये पीयूसीच्या कागदाखाली पडलेलं असतं आणि उघडतं कोण?

---
चौकट: रिम वाढते, रबर घटतं

१६५/८० आर १४ — व्यास ६१९.६ मिमी, साइडवॉल १३२ मिमी
१८५/६५ आर १५ — व्यास ६२१.५ मिमी, साइडवॉल १२०.२५ मिमी
१९५/५५ आर १६ — व्यास ६२०.९ मिमी, साइडवॉल १०७.२५ मिमी
२०५/४५ आर १७ — व्यास ६१६.३ मिमी, साइडवॉल ९२.२५ मिमी

चारही चाकं बाहेरून जवळपास सारखीच उंच. पण पहिल्या आणि शेवटच्या मापात खड्डा सोसणारं रबर तब्बल ४० मिमीने, म्हणजे दोन बोटांनी कमी झालं.
---

टायर हीच पहिली स्प्रिंग

चौकटीतल्या साइडवॉलच्या आकड्यांकडे पुन्हा एकदा बघा, कारण मालवणच्या रस्त्यावर सगळी कहाणी तिथेच आहे. खड्डा आला की आधी दबतो टायर, मग स्प्रिंग. टायरमधली हवा आणि ती लवचीक कड हे गाडीचं पहिलं सस्पेन्शन. ती कड जितकी उंच तितका धक्का तिच्यातच जिरतो. ती बुटकी झाली की धक्का थेट रिमवर जातो, तिथून शॉकअपवर, बुशवर आणि शेवटी मागच्या सीटवरच्या आजीच्या कमरेवर.

बुटक्या साइडवॉलचे फायदे नाहीत असं नाही. वळणावर टायर कमी वाकतो, स्टिअरिंग शार्प वाटतं. एक्स्प्रेस-वेवर ही मजा अनुभवता येते. मुंबई-गोवा हायवेचा, म्हणजे आधीच्या एनएच १७ आणि आताच्या एनएच ६६चा सिंधुदुर्गातला टप्पा आता चौपदरी काँक्रीटचा आहे. खारेपाटणहून जिल्ह्यात शिरलं की कणकवलीपर्यंत गाडी सुसाट जाते. तिथे सतरा इंची चाकं खरोखर शोभून दिसतात.

पण मालवण हायवेवर नाही! कसालला हायवे सोडला की रस्ता वळणांचा, झाडांचा आणि गावागावांतला. डांबराची कड तुटलेली, बाजूला जांभ्या दगडाचा खडबडीत उतार. समोरून एसटी आली की आपलं डावं चाक डांबरावरून खाली उतरतं आणि परत चढताना ती तुटकी कड टायरच्या साइडवॉललाच घासते. पुढे तारकर्ली-देवबागचा रस्ता, एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे अरुंद पट्टी. तिथून वाडीत घराकडे वळायचं तर दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे आणि मधे पाणंद. पावसात त्या पाणंदीत पाणी साचलं की खाली दगड आहे की खड्डा, हे चाक आपटल्यावरच कळतं.

बुटका टायर अशा ठिकाणी दोन प्रकारे दगा देतो. एक, साइडवॉल दगड आणि रिमच्या मधे चिमटली जाऊन आतले धागे तुटतात आणि टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर रिपेअर होत नाही, तो बदलावाच लागतो. दोन, रिम वाकते किंवा तडकते. लोखंडी रिम वाकली तर ठोकून निदान घरापर्यंत जाता येतं. अलॉयला तडा गेला की ट्यूबलेस टायरमधली हवा थांबत नाही, आणि त्यावर वेल्डिंग मारून हायवेला लागणं म्हणजे नशिबाशी जुगार.

बरं, नवा टायर घ्यायचा तर तो मिळायला हवा. छोट्या गावातला दुकानदार रोज खपणारी मापं ठेवतो. तिथल्या रिक्षा, टुरिस्ट गाड्या, हॅचबॅक यांना लागणारी मापं त्याच्याकडे असतात. २०५/४५ आर १७ तो कुणासाठी भरून ठेवेल? चतुर्थीच्या आदल्या दिवशी असा टायर शोधायचा म्हणजे कणकवली, कुडाळ करत शेवटी कोल्हापूर किंवा पणजीकडे फोन लावायचे. घरात गणपती बसलेला आणि गाडी जॅकवर!

पाच माणसं आणि नारळाची गोण

आता भाराचं बघू. आपल्याला वाटतं मोठं चाक म्हणजे जास्त ताकद. प्रत्यक्षात भार पेलते ती टायरमधली हवा, आणि बुटक्या टायरमध्ये हवेला जागाच कमी. म्हणून १८५/६५ आर १५ वर ८८चा कोड म्हणजे ५६० किलो असतात, पण साध्या बांधणीच्या २०५/४५ आर १७ वर ८४, म्हणजे ५०० किलोच. दिसायला दादा, पेलायला मात्र कच्चा!

पन्नास मोजून पाच माणसांचं गणित करा. सरासरी सत्तर किलो धरले तर साडेतीनशे किलो इथेच झाले. त्यात सामान. हॅचबॅकची एकूण वजन वाहण्याची मर्यादा साधारण चारशे ते साडेचारशे किलोंच्या आसपास असते. आणि परतीच्या प्रवासात कोकणातून कोणी रिकामं येतं का? नारळ, तांदूळ, सोलं, कोकमाचं आगळ, मे महिना असेल तर आंब्याच्या पेट्या. कागदावर ५०० किलोंचे चार टायर हा भार पेलतीलही, पण खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा क्षणभर त्या एकाच टायरवर येणारा भार कितीतरी जास्त असतो. त्या क्षणासाठी ठेवलेली शिल्लक आपण लुकवर खर्च केलेली असते.

म्हणून दुसरा नियम: नव्या टायरचा भाराचा कोड आणि वेगाचा कोड कंपनीच्या टायरपेक्षा खाली जाता कामा नये. सतरा इंचीच हवी असतील तर 'एक्स्ट्रा लोड', म्हणजे एक्सएल शिक्का असलेला टायर मागा. त्याच मापात ८८चा कोड मिळतो. मात्र तेवढा भार पेलायला त्यात हवाही जास्त भरावी लागते आणि हवा वाढली की राइड अजून कडक. फुकट काहीच मिळत नाही, बॉस!

माप कुठलंही असो, निघण्याआधी हवा 'फुल लोड'च्या आकड्याप्रमाणे भरा, आणि टायर थंड असताना भरा. गाडीवरच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी बऱ्याचदा वेगवेगळे आकडे असतात. वर्षभर एकट्याने ऑफिसला जाताना ठेवलेला आकडा चतुर्थीला चालत नाही.

रिमचे तीन आकडे

टायर ठरला, आता रिम. डिझाइनच्या प्रेमात पडण्याआधी तीन गोष्टी विचारा.

पहिली पीसीडी. नट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. स्विफ्ट, बलेनोसाठी तो चार नट, १०० मिमी असा आहे. इथे 'ॲडजस्ट करून बसवतो' असं कोणी म्हणालं तर थेट दुकानाबाहेर पडा.

दुसरी सेंटर बोर, म्हणजे रिमच्या मधलं भोक. बाजारातल्या अलॉयला ते बहुतेकदा मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे अनेक गाड्यांना चालावं. मारुतीच्या या गाड्यांचा हब ५४.१ मिमीचा. मधली फट हब रिंगने भरली नाही तर चाक बरोबर मध्यावर बसत नाही आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग कितीही वेळा करा, थरथर जात नाही. रिंग असते छोटीशी आणि स्वस्त, पण मागितल्याशिवाय मिळेलच असं नाही.

तिसरी ऑफसेट. रिमच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणारा भाग किती बाहेर आहे तो आकडा, ईटी ४५ असा लिहितात. समजा कंपनीची रिम ६ इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. तुम्ही ७ इंच रुंद, ईटी ३५ घेतली. रुंदीमुळे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी बाहेर आणि ऑफसेटमुळे आणखी १० मिमी. चाक जवळपास २३ मिमी बाहेर आलं! दिसायला रुबाबदार, पण व्हील बेअरिंगवर ताण वाढतो आणि भरलेल्या गाडीत मागचा भाग दबला की टायर कमानीच्या कडेला घासतो. रिकाम्या गाडीत ट्रायल घेताना हे कळतच नाही. म्हणून बसवल्यावर दुकानातच चार जणांना मागे बसवा, एका स्पीडब्रेकरवरून गाडी काढा, पूर्ण डावं-उजवं स्टिअरिंग वळवा आणि कान द्या.

सस्पेन्शनला हात लावायचा का?

चाकं मोठी झाली की दुकानदाराचा पुढचा प्रश्न ठरलेला: "स्प्रिंग पण करायचे का?" इथे दोन पंथ आहेत.

पहिला पंथ गाडी बसकी करणारा. कमानीतली फट कमी दिसावी म्हणून लोअरिंग स्प्रिंग टाकायच्या, गाडी ३० मिमी खाली. दिसायला एकदम रेसिंग! पण १६५ मिमी क्लिअरन्सची गाडी १३५ वर आली, आणि हे रिकाम्या गाडीचं झालं. पाच माणसं बसल्यावर ती अजून खाली जाते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर १०० मिमी उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे ऐसपैस पसरलेला असावा. गावागावांतले स्पीडब्रेकर हे मानक वाचून बांधलेले नसतात. ते अरुंद आणि टोकदार असतात, आणि गाडीचं पोट नेमकं त्यावर टेकतं. शिवाय स्प्रिंगचा प्रवास कमी झाल्यामुळे मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शन शेवटच्या रबरी स्टॉपवर जाऊन आदळतं. नुसत्या कडक स्प्रिंग टाकून शॉकअप कंपनीचेच ठेवले तर अजून पंचाईत. स्प्रिंग उसळी मारते, ती आवरण्याचं काम शॉकअपचं, आणि त्याची ताकद जुन्या नरम स्प्रिंगच्या हिशोबाने ठरवलेली असते. मग गाडी हायवेवर बेडकासारखी उड्या मारत जाते. म्हणजे बदलायचंच तर स्प्रिंग आणि शॉकअप जुळणारा पूर्ण सेट बदला, आणि नंतर अलाइनमेंट मस्ट. कारण उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात आणि नवेकोरे टायर आतल्या कडेने झिजू लागतात.

दुसरा पंथ गाडी उंच करणारा, आणि कोकणात जाणाऱ्यांत तो जास्त लोकप्रिय. मागच्या स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबराचे बफर अडकवायचे, म्हणजे भार टाकला तरी मागून गाडी बसत नाही. स्वस्त आणि मस्त वाटतं. पण रबर ज्या वेढ्यांमध्ये बसतं ते वेढे मोकळेपणी काम करत नाहीत आणि त्यांचा वाटा बाकीच्या वेढ्यांवर येतो. रिकाम्या गाडीत मागची सीट घोडागाडी होते. ओल्या वळणावर मागची चाकं उडत-उडत जाणं तर त्याहून वाईट.

यात खरी गोम अशी. बऱ्याच जणांना सस्पेन्शन बदलावंसं वाटतं ते राइड कडक झाली म्हणून. पण राइड कडक झाली ती बुटक्या टायरमुळे! त्यात मोठं चाक वजनालाही जड. प्रत्येक चाकामागे दोन-तीन किलो सहज वाढतात, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं असल्याने प्रत्येक खड्ड्यात शॉकअपला तेच वर-खाली होताना आवरावं लागतं. दुखणं टायरचं आणि ऑपरेशन स्प्रिंगचं असा हा प्रकार. एक इंच कमी रिम घेतली तर निम्म्याहून जास्त लोकांना सस्पेन्शनला हात लावायची गरजच पडणार नाही.

मग सस्पेन्शनवर काहीच खर्च करायचा नाही का? करायचा, पण जुनं झालेलं बदलायला. गाडीचा एक कोपरा जोरात दाबून सोडा. ती एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक. दोन-तीनदा डुलली तर शॉकअप गेला. शॉकअपवर तेलाचे ओघळ, खड्ड्यात 'खट' असा आवाज, टायर लाटांसारखा खाली-वर झिजणं ही बाकीची लक्षणं. थकलेले शॉकअप आणि बुश बदलून कंपनीच्याच मापाचे नवे टाकले, तर गाडी नव्यासारखी वाटते. लाइक्स मिळणार नाहीत, पण आजी खूश!

आंबोलीचा पाऊस

पुण्याकडची मंडळी कोल्हापूरमार्गे फोंडा किंवा करूळ घाटाने उतरतात, तर काही आजऱ्याहून आंबोलीमार्गे. आंबोली हे महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक, वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. दाट धुकं, रस्त्यावरून वाहणारं पाणी आणि उतारावर सलग वळणं.

रुंद टायर म्हणजे जास्त ग्रिप, हे कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी खरं. साचलेल्या पाण्यावर मात्र रुंद टायर लवकर तरंगतो. त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. ते जमलं नाही की रबर आणि रस्ता यांच्यात पाण्याचा थर येतो, आणि मग ब्रेक, स्टिअरिंग सगळं काही सेकंदांसाठी नावापुरतं उरतं. या वेळी तुम्हाला वाचवतात त्या टायरच्या खाचा, योग्य हवा आणि कमी वेग. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर त्यांच्या पातळीला आलं, म्हणजे खाच १.६ मिमी उरली, की टायर संपला. पावसाळ्यात तर तिथवर वाट पाहूच नका.

आणि पुढे एक माप, मागे दुसरं असले प्रयोग टाळा. एबीएस प्रत्येक चाकाच्या फिरण्याचा वेग मोजून ठरवतं की कुठलं चाक घसरतंय. चाकांचे व्यास वेगळे झाले तर त्याचा हिशोबच चुकतो.

खारा वारा, पुळण आणि स्टेपनी

किनाऱ्यावर अजून एक शत्रू आहे, खारी हवा. डायमंड कट अलॉयचा चकचकीत भाग म्हणजे उघडं ॲल्युमिनियम आणि वर पातळ पारदर्शक लेप. दगड लागून तो उडाला की खारी हवा आत शिरते आणि लेपाखाली पांढऱ्या रेषा पसरू लागतात. साधा रंग दिलेली अलॉय इथे जास्त टिकतात. चार दिवस तारकर्लीला राहून आलात की चाकं, कमानी आणि खालची बाजू गोड्या पाण्याने धुऊन घ्या. फोटोसाठी पुळणीत गाडी घालायचा मोह तर टाळाच. मऊ वाळूत रुंद टायरचीही चाकं रुततात आणि भरती तुमच्यासाठी थांबत नाही.

स्टेपनीचाही विचार करा. चार चाकं सोळा इंची आणि डिकीत जुनी पंधरा इंची असेल, तर एकूण व्यास सारखा ठेवल्याचा फायदा इथे होतो. ती लावून हळू वेगाने पंक्चरवाल्यापर्यंत जाता येतं. व्यास वेगळा असेल तर तेही धोक्याचं. आणि एक बारकावा: अलॉयचे नट आणि लोखंडी रिमचे नट बऱ्याचदा वेगळे असतात. जुने नट फेकू नका, स्टेपनीसोबत ठेवा.

कायदा काय म्हणतो?

जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ स्पष्ट केला: कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ बदललं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. बॉडीबाहेर आलेली चाकं, बसकी केलेली गाडी हे डोळ्यांत भरणारे प्रकार. इन्शुरन्स कंपनीला न कळवता बदल केले तर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो, हे वेगळंच. वरच्या व्हेरिएंटचं माप घ्यायचं हे अजून एक कारण.

---
चौकट: दुकानात जाताना

• आपल्या मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटचं माप मॅन्युअलमध्ये बघा. तेच पहिली पसंती.
• एकूण व्यासाचं गणित मोबाइलवर स्वतः करा.
• भाराचा आणि वेगाचा कोड मूळच्यापेक्षा कमी नको.
• पीसीडी, सेंटर बोर, ऑफसेट लिहून न्या. हब रिंग मागा.
• टायरवरचा चार आकडी कोड वाचा. २२२५ म्हणजे २०२५चा बाविसावा आठवडा. जुना माल नको.
• बसवल्यावर बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि पूर्ण भाराची ट्रायल.
• पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा टाइट करून घ्या.
---

मग घ्यायचं काय?

वर्षभर शहरात आणि दोन-तीनदा मालवणला जाणाऱ्या हॅचबॅकवाल्यांसाठी उत्तर सरळ आहे. चौदा असतील तर पंधरा, पंधरा असतील तर सोळा. एक इंच पुरे. सस्पेन्शन कंपनीचंच, पण ठणठणीत ठेवलेलं. वाचलेल्या पैशात टायर चांगल्या ब्रँडचे घ्या, कारण रस्त्याला टेकतं ते रबर, रिम नाही. सतरा इंचीचा हट्टच असेल तर जुने टायर-रिम विकू नका. गावी जाताना ते चढवा, परत आल्यावर सतरा इंची. थोडी खटपट आहे, पण लुकही राहतो आणि गावचा रस्ताही सोसतो.

पाणंदीच्या टोकाला घर असतं. ओटीवर कोणीतरी गाडीच्या आवाजाकडे कान लावून बसलेलं असतं. ते चाकं किती इंची आहेत हे बघणार नाहीत, गाडीतून सगळे नीट उतरले की नाही तेच बघतील. तेव्हा चाकं निवडताना त्यांचाही विचार करा. येवा, कोकण आपलाच आसा... फक्त साइडवॉल सांभाळून!